गार आंबा

गावाहून दिराने पाठवलेली हापूसची पेटी सुभद्राने एका सकाळीत चाळभर वाटून टाकली, आणि वाटताना कोण तिचा ठसका! तळमजल्यापासून वरपर्यंत दार ठोठावून एकेकाच्या हातात आंबे ठेवले. कुणी म्हटलं, "काकी, घरात ठेवा की थोडे," तर मान उडवून सांगायची, "नको गो बाय. आमच्याकडे आंबा बंद. ह्यांना शेक चाललाय ना! आंबा गरम. घरात वाससुद्धा नको मला." जसा काही पेटीतून आंबा नाही, विस्तवच आला होता.

शेक म्हणजे रेडिएशन. तिच्या नवऱ्याच्या, लवूच्या, जिभेच्या मुळाशी गाठ निघाली होती आणि परळच्या इस्पितळात रोज त्याच्या तोंडाला किरणं देत होते. त्या रांगेत बसणारी आपली माणसं त्याला शेकच म्हणतात, म्हणून सुभद्राही शेक म्हणू लागली. आणि घोळ झाला तो इथेच. शेक म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तापलेला तवा आणि त्यावर दाबलेलं फडकं. माणूस रोज अंगात उष्णता भरून घरी येतो, मग घरी त्याला द्यायचं काय? थंड द्यायचं. यात विचारायचं काय आहे! शिवाय इस्पितळातली डाएटवाली मुलगीच म्हणाली होती, "थंड द्या त्यांना, तोंडाला बरं वाटेल." ती पुढेही पुष्कळ बोलली होती. पण सुभद्राच्या कानात तो एक शब्द शिरला आणि तिथेच फतकल मारून बसला.

आता थंड म्हणजे काय, हे मालवणकडच्या बाईला कुणी शिकवायचं? सब्जा थंड. धण्याजिऱ्याचं पाणी थंड. आणि सगळ्यांत थंड म्हणजे सोलं, म्हणजे कोकम. गावच्या रातांब्यांचा मीठ घालून मुरवलेला रस, ज्याला आगळ म्हणतात, तो तिच्या घरात बाटली भरून असायचाच. ते आगळ पाण्यात कालवून ती लवूला सकाळ-संध्याकाळ पाजायला लागली. बर्फ नाही, फ्रीजचं पाणी नाही. घसा धरेल ना! साध्या पाण्यात घालून द्यायची.

लवू प्यायचा. डोळे गच्च मिटून, सगळं अंग ताठ करून प्यायचा. "प्या, प्या. आतली आग निवतली," असं म्हणत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. डोळ्यांतून पाणी यायचं ते ती पदराने टिपायची आणि मनात म्हणायची, केवढी उष्णता बाहेर पडतेय बघा.

काय म्हणावं या बाईला! पण प्रेमाने आंधळी झालेली माणसं अशीच असतात, आणि त्यांना समजावणार कोण? मुलगी अपेक्षा दिवसभर लोअर परळच्या ऑफिसात. ती घरी यायची तेव्हा पेला घासून पालथा घातलेला असायचा.

मग एका सकाळी लवूने पेला हाताने दूर सारला. त्यानंतर पेज सारली. साधं पाणीही नको म्हणाला. हा माणूस म्हणजे एके काळचा बडबड्या. आधी गिरणीत बदली कामगार, गिरणी गेल्यावर तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये लिफ्टमन, आणि वर जाईपर्यंत साहेबांनासुद्धा गप्पांत गुंतवणारा. तो आता भिंतीकडे तोंड करून पडला. शेकाची वेळ झाली तरी उठला नाही. अपेक्षाने हात धरला तेव्हा ओठ न हलवता, घशातल्या घशात म्हणाला, "पाणी सुदीक जळता माका. म्हणजे आत सगळा गेला. आता शेक कित्याक? जावचंय नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीही गेला नाही. डॉक्टरांचा फोन अपेक्षाने घेतला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या आणाच, डॉक्टर म्हणाले होते. आणखी खंड पडला तर आजवर केलेलं फुकट जाईल, गाठ पुन्हा डोकं काढेल. आणि पोटात काहीच जात नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून लवूने चादर डोक्यावरून ओढली. बाप ऐकेना, आई रडेना, नुसती घरभर फिरतेय. अपेक्षाने ऑफिसला सुट्टी टाकली.

सुभद्रा तशीच एकटी इस्पितळात गेली. भोईवाड्यातून ते अंतर पायीचंच, पण त्या दिवशी सरता सरेना. डाएटवाल्या मुलीच्या टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "बाय, कायतरी कर. माणूस तोंड उघडत नाही."

"थंड देताय ना?" मुलीने विचारलं.

"देते तर! रोज देते. चुकवलं नाही हो एक दिवस."

"काय देता?"

"आगळ. सोलांचं," सुभद्रा जरा अभिमानानेच म्हणाली. "घरचं. चांगलं खारवलेलं."

मुलीचं पेन थांबलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "आजी, मीठ घातलेलं कोकम? त्या तोंडात?" मग तिचा आवाजच बारीक झाला. "आत सगळी साल गेलीय हो त्यांची. हातावर भाजलं, कातडी निघाली, तर त्यावर तुम्ही मीठ आणि लिंबू चोळाल का? मी थंड म्हटलं ते गार. फ्रीजमधलं गार. बर्फाचं."

गार! मेलीने गार का नाही म्हटलं तेव्हाच? असं सुभद्राच्या अगदी ओठांवर आलं. पण ते ओठांवरच राहिलं. ती मुलगी तेव्हा बर्फाचं, फ्रीजचं सगळं बोलली असणार, हे तिला आता आठवायलाही लागलं. आपल्याला ठाऊकच आहे, ही पोर काय सांगणार, म्हणून ही बाई तेव्हा नुसती मान डोलवत होती. टेबलाची कड धरून ती तशीच बसून राहिली, आणि डोळ्यांपुढे काय आलं? पदराने टिपलेलं ते पाणी.

"त्यांना काय आवडतं?" मुलीने विचारलं.

"आंबा," सुभद्रा म्हणाली आणि तिथेच हुंदका फुटला.

"मग आंबाच द्या. चांगला पिकलेला, गोड. दूध घालून गोठवा आणि खरवडून भुसभुशीत करून चमच्याने भरवा. आंबट अजिबात नको, मीठ नको, वेलची नको. आज गेलं पोटात तर उद्या ते येतील बघा."

घरी येऊन सुभद्राने अपेक्षाला आतल्या मोरीजवळ ओढलं आणि सगळं सांगितलं. अपेक्षा म्हणाली, "आई, तू रोज मीठ ओतत होतीस?" एवढंच म्हणाली, पण त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. मग दोघी कामाला लागल्या. रडायला वेळ होता कुठे?

अपेक्षाने मोबाइलवरून आंबे मागवले. आले लगेच, वरून पिवळेधमक. कापून चाखले तर आंबटढाण! सुभद्राने तोंड वाकडं करून फोड थुंकली आणि अंगावर काटाच आला तिच्या. हे त्या तोंडात? अपेक्षा खाली नाक्यावर धावली, तिथलाही चाखला, तोही तसाच. हंगाम नुकता सुरू झालेला, बाजारातला माल घाईघाईने पिकवलेला. गोड होते ते फक्त पेटीतले, झाडावर तयार होऊन उतरवलेले. आणि पेटी तर बाईसाहेबांनी वाटून टाकलेली.

मग काय! निघाली सुभद्रा, दिलेलं परत मागायला. ज्या दारांत ताठ मानेने उभी राहिली होती, त्याच दारांत आता पदर पिळत उभी. "बाय, एखादा उरलाय काय गो आंबा?" पहिल्या घरी आमरस होऊन गेला होता. दुसऱ्या घरी कोयी उन्हात वाळत होत्या. तळमजल्यावरचा गंगाधर दारातच हसला, "काय काकी, आंबा गरम म्हणत होतात, थंड झाला की काय?" एरवी तिने त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. आज म्हणाली, "झाला रे बाबा, माझंच चुकलं. आहे काय एक?" तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. नव्हता त्याच्याकडे. सगळे खाल्ले होते, आणि खाल्ल्याची त्याला लाज वाटायला लागली.

शेवटी वरच्या मजल्यावर सरोजिनीबाईंच्या तांदळाच्या डब्यात दोन निघाले. सरोजिनीबाई म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. मुलगा यशोधन पुण्याहून यायचा होता, त्याच्यासाठी जपून ठेवले होते. सुभद्राला वाक्य पुरतं बोलता येईना. "आमच्या ह्यांना... तोंडात... गार..." सरोजिनीबाईंनी तांदूळ झटकले आणि दोन्ही आंबे तिच्या ओंजळीत ठेवले. "यशोधन काय, बारा महिने खातो. जा तुम्ही आधी."

इकडे अपेक्षाने फ्रीजचा वरचा कप्पा उघडून ठेवला होता. बर्फाच्या थरात बांगडे आणि कोळंबीच्या पिशव्या रुतून बसल्या होत्या. तिने त्या उलथण्याने खणून काढल्या, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये नेऊन टाकल्या आणि कप्पा गरम पाण्याने पुसला. तरी वास होताच. "झाकण घट्ट लाव," सुभद्रा म्हणाली, "नाहीतर म्हणतील, आंब्याचा बांगडा केला."

अपेक्षा हसली नाही. सुभद्रालाही आपण हे कसं बोललो कळलं नाही.

दोन्ही आंबे धुऊन, पुसून, सुभद्राने आधी एकच वाटीत पिळला. चाखला. साखर! मधासारखा गोड. तिने तो हाताने घोटला, एक रेषा राहू दिली नाही, आणि घोटता घोटता उजवा हात मिसळणाच्या डब्याकडे गेला, चिमूट भरली आणि रसात सोडलीसुद्धा.

"आई!"

आमरसात चिमूटभर मीठ. सासूने शिकवलेलं, आईने शिकवलेलं, आयुष्यभर हाताने केलेलं. डोक्याला विचारतो कुठे हात? सुभद्राने खाली पाहिलं. मीठ विरघळून गेलं होतं. "चिमूटभरच होतं गो," ती पुटपुटली, "काढता येईल..." काय काढणार होती? बोटांनी रस उपसायला लागली. अपेक्षाने वाटी तिच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. तेव्हा मात्र ती बाई ओट्याशी खाली बसली आणि त्याच हाताने आपल्या थोबाडीत मारून घ्यायला लागली, एक, आणखी एक. "ह्याच हातान मारलंय मी तेंका. ह्याच हातान." अपेक्षाने तिचे हात धरले, छातीशी दाबले आणि धरूनच ठेवले. बाहेर पलंगावर लवू भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आता एकच आंबा उरला होता. तो अपेक्षाने पिळला. सुभद्रा मोरीच्या उंबऱ्यावर हात मागे बांधून उभी राहिली आणि नुसतं सांगत राहिली. साय काढलेलं गार दूध घाल. अजून थोडं. साखर नको, गोडच आहे. मिश्रण स्टीलच्या पसरट ताटलीत ओतलं, कारण पसरट भांड्यात लवकर गोठतं. वरून झाकण, झाकणावर कपडा. कप्प्याचं दार लावलं आणि दोघी फ्रीजसमोरच बसल्या.

दुपार अशी तापली होती की पंखा नुसती गरम हवा हलवत होता. सुभद्राचे कान फ्रीजकडे लागले होते. दिवे गेले तर? चाळीत उन्हाळ्यात कधीही जातात. फ्रीजची घरघर जरा थांबली की ती दचकायची. "दार उघडू नको सारखं," अपेक्षा म्हणायची. तरी मधूनमधून उघडावं लागायचंच. कडेने बर्फ धरला की काट्याने खरवडायचं, मध्ये लोटायचं, पुन्हा ठेवायचं. असं केलं नाही तर त्याची लादी होते, आणि लादी त्याला चावता कुठे येणार? हळूहळू रसाचा पिवळा भुसा व्हायला लागला, ओल्या रव्यासारखा. सुभद्राने बोटावर घेऊन जिभेला लावला. गार, गोड, आणि लगेच विरघळला. मीठ नाही. आंबट नाही. तरी तिचा विश्वास बसेना. "तू चाख. पुन्हा चाख," ती अपेक्षाला म्हणत राहिली.

ऊन कलल्यावर अपेक्षाने वाटी भरली आणि पलंगापाशी गेली. "बाबा, थोडं घ्या. गार आहे."

लवूने मान हलवली.

"बाबा, डाएटवाल्या मॅडमनी सांगितलंय."

तो भिंतीकडेच बघत राहिला. ओठ असे घट्ट मिटलेले की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. अपेक्षाने चमचा ओठांपाशी नेला, तर त्याने मान झटकली आणि चमच्यातलं पिवळं उशीवर सांडलं. वाटीतलं कडेने वितळायला लागलं होतं. तेवढंच होतं, जगात दुसरं नव्हतं. अपेक्षाने आईकडे पाहिलं. तिचा धीर संपला होता.

सुभद्राने वाटी घेतली आणि पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंगाच्या फटीत, आडवी होऊन शिरली. नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"अहो, आयकलात? तुमचा जळता ता आजारान न्हय. ता माझ्या आगळान. त्यात मीठ होता, आंबट होता. आणि तुमच्या तोंडाक साल नाय. मियांच घातलंय. रोज घातलंय."

लवूचे डोळे हलले. ते तिच्यावर येऊन थांबले.

"आत कायएक जावक नाय. डॉक्टरांचा औषध बरोबर आसा. माझाच चुकला. मी थंड म्हणान दिलंय." तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "ह्यो आंबो. गार. एक चमचो घ्या. जळलो, तर उद्या मी तुमका जा म्हणान सांगूचंय नाय. कोणाक सांगूक देवचंय नाय. देवाची शपथ."

"आई, काय बोलतेस!" अपेक्षा ओरडली.

"गप रव."

मग लवूने तोंड उघडलं.

आणि सुभद्राने आत पाहिलं. इतके दिवस पेला ओठांना लावला, डोळे टिपले, पाठीवरून हात फिरवला, पण आत कधी पाहिलं नव्हतं. आत तोंड असं उरलंच नव्हतं. लाल मांस, त्यावर पांढरे चट्टे, जीभ सुजून कडांना फाटलेली. तिचा चमच्याचा हात हवेतच थिजला. ह्याच्यावर? ह्याच्यावर मी...? तिला किंचाळावंसं वाटलं. पण तो तोंड उघडून वाट बघत होता आणि चमच्यातलं वितळत होतं.

तिने चमचा आत ठेवला. लवूने ओठ मिटले, डोळे गच्च मिटले, मुठी वळल्या आणि सगळं अंग ताठ करून वाट पाहिली, जळायची.

घशाचं हाड वर गेलं, खाली आलं.

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मुठी सुटल्या. जीभ आतल्या आत सावकाश फिरवून पाहिली, पुन्हा गिळलं. "जळूक नाय," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला. मग सुभद्राकडे रोखून पाहिलं आणि फाटक्या आवाजात, एकेक अक्षर ओढत, तिला अशी एक शिवी हासडली की ती इथे लिहिण्यासारखी नाही. अपेक्षाने कान झाकायच्या ऐवजी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, कारण तिला हसूही येत होतं आणि रडूही. सुभद्रा मात्र मान खाली घालून ऐकत राहिली. द्या, अजून द्या, असंच तिच्या मनात चाललं होतं.

दुसऱ्या चमच्याला त्याने वाट पाहिली नाही. तिसऱ्याला तिच्या हातातून वाटीच ओढून घेतली आणि उशीला टेकून उठून बसला. तोंड दुखतच होतं. प्रत्येक घोटाला कपाळावर आठी पडत होती. पण तो खात होता. तळाशी राहिलेलं पातळ त्याने वाटी तोंडाला लावून प्यायलं, बोट फिरवून वाटी पुसून घेतली आणि तिच्याकडे परत दिली.

"आणखी नाय?"

"नाय ओ," सुभद्रा म्हणाली. "एकच होतो."

उशीवर सांडलेला पिवळा डाग लवूने अंगठ्याने चोळला. मग पलंगाखाली पाय सोडले, चप्पल चाचपली आणि विचारलं, "उद्या कितक्या वाजता जावचा हा?"

सुभद्रा रिकामी वाटीच पदराने पुसत राहिली. तेव्हा अपेक्षानेच सांगितलं, "नऊ वाजता, बाबा."